गांडुळांवर गदा

मृदा परिषदेत कोणते व्याख्यान कोणत्या दालनात व्हावे, हे सत्तावीस वर्षे एका पुठ्ठ्यावर ठरत आले होते. हा पुठ्ठा आस्थापना विभागातल्या एका बाईंच्या खुर्चीमागे टांगलेला असे. त्यावर अकरा दालनांचे अकरा चौकोन आखलेले होते आणि कडेला दोरीने एक खोडरबर बांधलेला होता. बाई व्याख्यानाचा विषय वाचीत, क्षणभर छताकडे बघत आणि पेन्सिलीने एका चौकोनात लिहून टाकीत. पद्धत अर्थातच अशास्त्रीय होती. मात्र सत्तावीस वर्षांत तिच्याबद्दल एकही तक्रार न आल्यामुळे ती अशास्त्रीय आहे हे कोणाच्या लक्षात आले नव्हते.

ते गेल्या वर्षी आले. 'कुंडीतले टोमॅटो' ह्या व्याख्यानाला तीस खुर्च्यांच्या दालनात दीडशे माणसे घुसली आणि त्या रेटारेटीत संचालकांच्या पायावर कोणाचा तरी पाय पडला. दुसऱ्या कोणाचा पाय चेंगरला असता तर तो अपघात ठरला असता. संचालकांचा चेंगरल्यामुळे तो धोरणात्मक प्रश्न झाला. समिती नेमली गेली. समितीने चार बैठका घेतल्या आणि पाचव्या बैठकीत प्रिंटरवाल्यांना बोलावले.

प्रिंटरवाले हे कार्यालयातले संगणक अभियंते. ते नेमके काय काम करतात हे कोणी कधी विचारले नव्हते; पण प्रिंटरमध्ये अडकलेला कागद न फाडता बाहेर काढणारे इमारतीत ते एकटेच होते, म्हणून हे नाव पडले होते आणि तंत्रज्ञानातला त्यांचा अधिकार निर्विवाद मानला जाई. स्वभावाने ते साधे, नीटनेटके होते. अर्धवट भरलेली कुठलीही गोष्ट त्यांना बघवत नसे. जेवणानंतर उरलेली भाजी ते मोठ्या भांड्यातून लहान भांड्यात, दुसऱ्या दिवशी आणखी लहान भांड्यात काढीत, आणि तिसऱ्या दिवशी ती वाटी घेऊन कुठे ठेवावी ह्या विचारात फ्रीजसमोर उभे राहत. समितीला नेमका असाच माणूस हवा होता.

तीन महिन्यांत त्यांनी गतिमान दालन-वाटप प्रणाली उभी केली. कार्यालयीन वापरासाठी तिचे संक्षिप्त नाव ठरले 'गदा'. नाव मंजूर करताना त्यात काही वावगे आहे असे समितीला वाटले नाही.

गदेचे तत्त्व सोपे होते. प्रत्येक खुर्चीखाली एक बटण. माणूस बसला की बटण दाबले जाणार. दर दहा मिनिटांनी गदा सगळ्या इमारतीतली बटणे मोजणार. एखाद्या दालनात निम्म्याहून कमी खुर्च्या भरलेल्या आढळल्या तर ते व्याख्यान ताबडतोब लहान दालनात हलणार. दालन गच्च भरले तर मोठ्या दालनात. दारावरच्या पडद्यावर बाण उमटेल, श्रोत्यांनी उठून बाणाच्या दिशेने चालू लागायचे.

सादरीकरण संपल्यावर टाळ्या झाल्या. पुठ्ठा बैठकीच्या टेबलावर पुरावा म्हणून ठेवला होता आणि पुठ्ठेवाल्या बाईंना तो ओळखण्यासाठी बोलावले होते. त्यांनी हात वर केला.

"एक विचारू का? दर दहा मिनिटांनी उठायचं, तर मग माणसं ऐकणार कधी?"

सदस्यांनी संचालकांकडे पाहिले.

"बाई," संचालक मृदू आवाजात म्हणाले, "आपण इथं दालनांबद्दल बोलतोय."

प्रश्न विषयाला सोडून असल्यामुळे इतिवृत्तात घेतला गेला नाही. संचालकांनी मात्र एक सूचना केली. गदेत कोणासाठीही अपवाद नको. "मी स्वतःसुद्धा अपवाद नाही," हे वाक्य त्यांना उद्घाटनाच्या भाषणात हवे होते. प्रिंटरवाल्यांनी अपवादाची सोय काढून टाकली आणि तिच्या जागी पडद्यावर उघडणारी एक खिडकी बसवली: 'अपवादासाठी तीन प्रतींत अर्ज करावा. निर्णय पुढील परिषदेपूर्वी कळवण्यात येईल.' हे वाक्य लिहिताना त्यांना खूप समाधान वाटले होते.

परिषदेच्या आदल्या आठवड्यात घरी वेगळीच गडबड सुरू होती. प्रिंटरवाल्यांच्या सासऱ्यांनी अडतीस वर्षे माती संशोधन केंद्रात गांडुळांवर काम केले होते. अडतीस वर्षांत त्यांना कोणी चार माणसांसमोर बोलायला बोलावले नव्हते. निवृत्तीनंतर सहा वर्षांनी पहिल्यांदाच परिषदेचे आमंत्रण आले, तेही छापील. त्या दिवसापासून सासरे आरशासमोर उभे राहून आरशाला गांडुळांविषयी सांगत होते.

"जावईबापू, चाळीस मिनिटांत अठ्ठेचाळीस पानं होतील ना हो?"

"होतील की, बाबा."

"नाही, शेवटच्या पानावर निष्कर्ष आहे. अडतीस वर्षांचा आहे. तो राहायला नको."

सासरे आत गेल्यावर बायको जवळ आली. ती दातांची डॉक्टर होती आणि तिला स्पष्ट बोलायची सवय होती. समोरच्याला उलट बोलता येत नाही अशा परिस्थितीतच तिचे बहुतेक बोलणे होत असे.

"तुझ्या त्या गदेनं बाबांना काही केलं ना, तर याद राख."

"अगं, उलट त्यांच्याच फायद्याची आहे! रिकाम्या खुर्च्यांसमोर बोलण्याइतकं वाईट काही नसतं. गदा त्यांना रिकाम्या खुर्च्या दिसूच देणार नाही."

हे त्यांनी मनापासून सांगितले, आणि शब्दशः खरेही ठरले.

परिषदेला चारशे बारा प्रतिनिधी आले. उद्घाटन निर्विघ्न पार पडले, कारण दहा मिनिटे होण्याआधीच चहाची घोषणा झाली. साडेदहाला सासरे चार नंबरच्या दालनात उभे राहिले. खुर्च्या साठ, श्रोते चौतीस. पहिल्या रांगेत मुलगी. नवा सदरा, हातात अठ्ठेचाळीस पाने. प्रिंटरवाले तळमजल्यावरच्या नियंत्रण कक्षातून पडद्यावर बघत होते आणि त्यांचा ऊर भरून आला होता.

"गांडूळ हा प्राणी," सासऱ्यांनी सुरुवात केली, "आपण समजतो तितका साधा नाही."

दहा चाळीसला कोणाचा तरी फोन वाजला. तो उठला, म्हणून त्याच्या शेजारचे दोघे वाट द्यायला उठले, आणि उठलोच आहोत तर पाय मोकळे करावेत म्हणून आणखी दोघे. गदेने त्याच क्षणी मोजले. एकोणतीस. साठाच्या निम्म्याला एक कमी. दारावर बाण उमटला: दालन नऊ, तिसरा मजला.

श्रोते शिस्तीचे होते, निघाले. दुसऱ्या मजल्यावर चहाचे टेबल होते, तिथे काही जणांची शिस्त संपली. नऊ नंबरमध्ये चाळीस खुर्च्यांवर एकोणीस जण टेकले. त्यांतले काही नवीन होते, त्यामुळे सासऱ्यांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करणे भाग पडले. "गांडूळ हा प्राणी आपण समजतो तितका..." इथे दहा पन्नास झाले. एकोणीस म्हणजे निम्म्याला एक कमी. दालन दोन, तळमजला. चोवीस खुर्च्या, अकरा श्रोते. दालन अकरा, चौथा मजला. बारा खुर्च्या, पाच श्रोते. त्यांतली एक मुलगी आणि एक जण टोमॅटो शोधत आलेला.

नियंत्रण कक्षात प्रिंटरवाल्यांच्या कपाळावर घाम फुटला होता. पडद्यावर सासऱ्यांचा ठिपका एका चौकोनातून दुसऱ्या, त्याहून लहान चौकोनात सरकत होता. त्यांना भाजीच्या वाटीची आठवण झाली. त्यांनी हाताने ठिपका धरून चार नंबरमध्ये परत ओढला. खिडकी उघडली: 'अपवादासाठी तीन प्रतींत अर्ज करावा.' त्यांनी खिडकी बंद केली. ती पुन्हा उघडली. फार नम्र खिडकी होती.

अकरा नंबर हे सर्वांत लहान दालन. ह्यापुढे गदेला जागाच उरणार नाही असे त्यांना वाटले आणि त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण भविष्यातल्या विस्ताराला वाव असावा म्हणून गदेला संपूर्ण इमारतीचा नकाशा त्यांनीच भरवलेला होता. गदेने शोधले. पाच श्रोते, एक वक्ता, एकूण सहा. आणि इमारतीत बरोबर सहा माणसांची परवानगी असलेली एकच जागा होती.

अकरा दहाला बाण लिफ्टकडे वळला.

"लिफ्टमध्ये?" सासरे म्हणाले. "उभ्यानं?"

"बाबा, चला," मुलगी दात आवळून म्हणाली. "मी खाली जाऊन एकाला भेटून येते."

ती नियंत्रण कक्षात पोचली तेव्हा प्रिंटरवाले टेबलाखाली होते. वायर तपासतोय, असे त्यांनी सांगितले.

"बाहेर ये."

ते आले.

"माझे बाबा लिफ्टमध्ये आहेत."

"हो. पण एक बघ," त्यांनी पडद्याकडे बोट दाखवले. "तू उतरलीस, लगेच दुसरं कोणीतरी चढलं. उपस्थिती शंभर टक्के! सबंध परिषदेत दुसऱ्या कोणाची नाही."

बायकोने त्यांच्याकडे असे पाहिले की त्यांचा एक निरोगी दात दुखू लागला.

शंभर टक्के हे खरे होते. लिफ्टला खुर्च्या नव्हत्या, पण तिला वजन कळत होते, आणि चार मजल्यांवर दर दहा मिनिटांनी धावणाऱ्या चारशे बारा लोकांमुळे ती क्षणभरही रिकामी राहत नव्हती. प्रत्येक मजल्यावर दार उघडे, श्रोते बदलत आणि सासरे पुन्हा म्हणत, "गांडूळ हा प्राणी..." हे व्याख्यान सर्वांत यशस्वी असल्याचा निष्कर्ष गदेने काढला आणि आपण होऊन त्याला सायंकाळपर्यंत मुदतवाढ दिली.

दरम्यान मुख्य सभागृहात दुसरेच काही घडत होते. चिकणमातीचे एक तज्ज्ञ होते. त्यांना सकाळी दालन सात मिळाले होते, खुर्च्या पन्नास. हा माणूस व्यवहारी होता. त्याने प्रात्यक्षिकासाठी आणलेली चिकणमातीची पोती भाषणाआधीच रिकाम्या खुर्च्यांवर बसवून घेतली. दालन गच्च भरले, गदेने मोठे दालन दिले. तिथेही पोती पोचली. मोटार भरून आणली होती. साडेबाराला मुख्य सभागृहात ते दोनशे साठ पोत्यांसमोर बोलत होते. व्याख्यान अतिशय शांततेत ऐकले गेले. कोणी फोन घेतला नाही, कोणी मध्येच उठले नाही. शेवटी प्रश्न आहेत का, असे त्यांनी विचारले, थोडे थांबले आणि आभार मानून खाली उतरले. नंतर ते म्हणाले की इतका समजूतदार श्रोतृवर्ग त्यांना आयुष्यात लाभला नव्हता.

संचालकांना हे कळले तेव्हा जेवणाची वेळ झाली होती. त्यांनी उभ्याउभ्या आदेश काढला: बटणांवर विसंबू नये. गळ्यातल्या ओळखपत्रांवरून माणसे मोजावीत. पोत्यांना ओळखपत्रे देऊ नयेत.

प्रिंटरवाल्यांनी वीस मिनिटांत बदल केला. गदेने सबंध इमारतीतली ओळखपत्रे मोजली आणि एका निर्णयाला आली. सर्वाधिक माणसे कुठल्याच दालनात नव्हती. ती बाणांच्या मागे फिरत व्हरांड्यात होती. म्हणजे लोकांची पसंती व्हरांड्याला होती. तिने सगळी मोठी व्याख्याने व्हरांड्यात हलवली. व्हरांड्यात एका टोकाला क्षारपड जमीन, दुसऱ्या टोकाला सेंद्रिय खते आणि मध्ये टोमॅटो, असे तिघेजण एकाच वेळी बोलू लागले. त्यांना टाळण्यासाठी लोक रिकाम्या दालनांत जाऊन बसले. तिथे गर्दी दिसताच गदेने व्याख्याने परत दालनांत आणली. लोक पुन्हा व्हरांड्यात आले. तीन वाजेपर्यंत हे असेच चालले. एक वयस्क प्रतिनिधी जिन्यात पायरीवर बसून डबा खाताना आढळले. त्यांच्यापुढे दोन वक्ते येऊन उभे राहिले होते.

साडेतीनला संचालकांचे अध्यक्षीय भाषण होते. गदेने दिवसभराचा हिशेब मांडला. मुख्य सभागृहाची कामगिरी: पोती. व्हरांड्याची: अस्थिर. सकाळपासून शंभर टक्क्यांखाली न गेलेली एकच जागा होती. बाण उमटला.

"अपवादाची काही सोय?" संचालकांनी हळू आवाजात विचारले.

"अर्ज आहे, साहेब. तीन प्रती," प्रिंटरवाले म्हणाले.

संचालक लिफ्टपाशी गेले. आत सासरे होते, घसा बसलेला, सदऱ्याला चुण्या पडलेल्या. सोबत समितीचे दोन सदस्य आणि चिकणमातीचे तज्ज्ञ. संचालक आत शिरले. शेवटच्या क्षणी दार हाताने अडवून सहावी व्यक्ती चढली. ती दातांची डॉक्टर होती. तिने चौथ्या मजल्याचे बटण दाबले, लिफ्ट दुसऱ्या-तिसऱ्याच्या मध्ये येईपर्यंत थांबली आणि मग लाल बटण दाबले.

लिफ्ट हिसका देऊन थांबली.

"अहो, हे काय करताय!" संचालक ओरडले.

"काही नाही. थोडा वेळ लागेल, दुखणार नाही," ती म्हणाली. "कोणी हलायचं नाही. बाबा, सुरू करा. सगळी अठ्ठेचाळीस पानं."

सासऱ्यांनी आजूबाजूला पाहिले. चार श्रोते, पाचवी मुलगी. कोणाला कुठे जाता येत नव्हते. त्यांनी घसा खाकरला.

"गांडूळ हा प्राणी आपण समजतो तितका साधा नाही," ते म्हणाले, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच दुसऱ्या पानावर गेले.

नियंत्रण कक्षातल्या पडद्यावर ठिपका दोन मजल्यांच्या मध्ये स्थिर झाला होता. तंत्रज्ञाला बोलवा, लिफ्ट अडकली, असा आरडाओरडा बाहेर सुरू झाला. प्रिंटरवाल्यांच्या हाताशी लिफ्ट खाली आणण्याची कळ होती. त्यांनी तिच्याकडे पाहिले, मग घड्याळाकडे पाहिले आणि शांतपणे टेबलाखाली जाऊन वायर तपासू लागले. चाळीस मिनिटे त्यांनी वायर तपासली. त्या दिवसातले त्यांच्या हातून झालेले हेच एक उपयोगी काम.

लिफ्टमध्ये सासरे अठ्ठेचाळिसाव्या पानावर पोचले होते.

"निष्कर्ष असा," ते म्हणाले, "की ज्या जमिनीत सारखी उकराउकर होते, तिथून गांडुळं निघून जातात. भांडत नाहीत, आवाज करत नाहीत. आपल्याला फक्त नंतर कळतं, की जमीन मेलीये. तेव्हा कृपा करून जमिनीला थोडं स्वस्थ राहू द्या. एवढंच."

चिकणमातीच्या तज्ज्ञांनी डोळे पुसले. समितीचे सदस्य खाली बघत होते. संचालक फार गंभीर झाले होते.

"अप्रतिम," ते अखेर म्हणाले. "माझे डोळे उघडले."

"खरंच?" सासऱ्यांनी विचारले.

"खरंच. मी तीस वर्षं परिषदा भरवतोय. पहिल्यांदाच एक व्याख्यान शेवटपर्यंत ऐकलं. का? तर लिफ्ट! पुढच्या वर्षी आपण आणखी सात बसवू."

परिषद संपली. दारापाशी सगळ्यांना अभिप्रायाचा कागद देण्यात आला. कागद भरून दिल्याशिवाय सहभागाचे प्रमाणपत्र मिळणार नव्हते आणि बाहेर गाड्या उभ्या होत्या. प्रश्न एकच होता: गतिमान दालन-वाटप प्रणालीबाबत आपण अत्यंत समाधानी आहात, की असमाधानी? पुढे दोन चौकोन.

दुसऱ्या दिवशी प्रिंटरवाले राजीनामा खिशात घालून कार्यालयात गेले. संचालकांनी त्यांना मिठी मारली. चारशे बारा कागदांपैकी चारशे अकरा जणांनी 'अत्यंत समाधानी'वर खूण केली होती. एकच कागद असमाधानी निघाला; तो मोजणीतली चूक समजून बाजूला ठेवण्यात आला. गदा कायमस्वरूपी मंजूर झाली. लवकरच ती दवाखान्यांत आणि शाळांतही लागू होणार असून, रुग्णांनी आणि मुलांनी चालायची सवय ठेवावी असे परिपत्रक निघाले आहे.

प्रिंटरवाल्यांनी घरी येऊन ही बातमी सांगितली तेव्हा बायको खवळली.

"चारशे अकरा? मेली ती माणसं! एकाला तरी कणा होता म्हणायचा."

"कोण असेल गं तो?"

"म्हणजे काय? मीच!" ती म्हणाली.

प्रिंटरवाल्यांना बायकोचा अभिमान वाटला. पण थोड्या वेळाने सासऱ्यांनी त्यांना बाल्कनीत बोलावले आणि हळूच सांगितले, "जावईबापू, रागावू नका हं. तो एक कागद माझा होता." सोमवारी समितीच्या एका सदस्याने त्यांना जिन्यात गाठून तेच सांगितले, मंगळवारी दुसऱ्याने. टोमॅटोवाल्यांचा फोन आला, चिकणमातीवाल्यांचे पत्र आले. महिन्याअखेरीस खुद्द संचालकांनी दार लावून घेतले आणि म्हणाले, "आपल्यातच ठेवा, पण मला ते अजिबात पटलं नव्हतं. मी खूण करून टाकली."

आजपर्यंत चारशे तेरा जणांनी प्रिंटरवाल्यांना एकांतात सांगितले आहे की तो एक कागद आपलाच. त्या सर्वांची ते पाठीवर हात ठेवून प्रशंसा करतात आणि वहीत नाव लिहून घेतात. वाचकहो, तुम्हीही गेल्या वर्षी कुठल्या ना कुठल्या दारात असा कागद भरलाच असेल. आता तुम्ही म्हणाल, मी तर स्पष्ट असमाधानी लिहिले होते. जरूर. तुमचा क्रमांक चारशे चौदा.